टालर म्हणजे खोरेकर!

एका जर्मन कथेच्या अनुवादात 'शंभर थॅलर' वाचून एकाने विचारलंय, की हा थॅलर म्हणजे काय, आणि तेव्हा त्याला किंमत किती होती?

आधी एक विनंती. थॅलर नको, थेलर तर नकोच. जर्मनमध्ये त्या 'टीएच'चा उच्चार साधा ट. टालर. 1901 च्या शुद्धलेखन सुधारणेत जर्मनांनी तो एच काढूनही टाकला, आपण मात्र अजून 'थ' कुरवाळत बसलोय.

अर्थ 'चांदीचं मोठं नाणं', हे कुठलाही कोश सांगेल. गंमत पुढे आहे. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेकियात, योआखिम्सटाल नावाचं गाव आहे. टाल म्हणजे खोरं. योआखिम म्हणजे मेरीचे वडील, येशूचे आजोबा. तिथे चांदीची खाण लागली आणि 1520 च्या आसपास श्लिक घराण्याच्या सरदारांनी नाणी पाडली, एका बाजूला हे आजोबा, दुसरीकडे बोहेमियाचा सिंह. नाण्याचं नाव पडलं योआखिम्सटालर. शेवटचा 'अर' हा चक्क आपला 'कर'! हॅम्बर्गर म्हणजे हॅम्बर्गकर, तसा हा योआखिमखोरेकर. एवढं लांबलचक कोण म्हणणार? उरला नुसता 'खोरेकर'. तोच डचांचा डाल्डर, चेकांचा तोलार, इंग्रजांचा डॉलर. रशियनांनी मात्र शेपूट टाकून डोकं उचललं: योआखिमवरून 'येफिमोक'. 1655 साली त्यांनी परदेशी टालरांवरच शिक्के मारून ते चालवले. एकाच नावाचे दोन तुकडे दोन दिशांना गेले, याहून सुंदर व्युत्पत्ती मला तरी ठाऊक नाही.

आता 'टाल म्हणजे संस्कृत तल, म्हणून डॉलर मूळचा आपलाच' असं छातीठोक सांगणाऱ्या विद्वानांविषयी. कानाला सारखं लागलं की झाली व्युत्पत्ती! अहो, संस्कृत 'त'चा जर्मनमध्ये 'ड' होतो: त्वम्–डू, त्रि–ड्राय. त्या हिशेबाने तलाचा जर्मन भाऊ 'ड'ने सुरू व्हायला हवा, आणि तो आहेही: डीले, म्हणजे लाकडी फळी, फळ्यांची जमीन. टालचं सख्खं भावंड इंग्रजीतलं डेल, आणि त्याचा आपल्या तळाशी काही संबंध नाही. निअँडरथालमधला थाल मात्र हाच टाल. म्हणजे खिशातला डॉलर आणि गुहेतला तो आदिमानव, दोघेही खोऱ्याचेच.

डॉलरशी आपला संबंध हवाच असेल तर खरा घ्या. ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा राणी 1780 साली वारली, पण तिच्या टालरवर पुढेही कायम तेच साल पाडत राहिले. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेसाठी हे टालर आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडले गेले. नाण्यावर 1780, प्रत्यक्षात 1940–41!

हां, किंमत राहिलीच. जर्मनी एक झाल्यावर मार्क हे नवं चलन आलं, तेव्हा एक टालर तीन मार्कांना धरला. म्हणजे तुमचे शंभर टालर तीनशे मार्क.