वयस्कर आईंना स्टेडियमच्या शोला नेताय? गेटचं आधी लेखी घ्या

आईंना शोला न्यायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधला शो, सत्तरीच्या आई, दोन्ही गुडघे गेलेले, तिकिटं वरच्या लेव्हलची. आणि व्हीलचेअरसाठी मेल केला तर उत्तर काय, ‘आपली विनंती नोंदवण्यात आली आहे’. तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य वाचून राहवलं नाही. मलाही अगदी हेच उत्तर आलं होतं. मैदान वेगळं होतं, शो वेगळा होता, सोबत माझे बाबा होते. कोणाचंही नाव घेत नाही.

तिकीट मोबाइलमध्ये डाउनलोड करून ठेवणं, पॉवरबँक घरी ठेवणं वगैरे तुम्हाला माहीत असेलच. ते सोडतो.

बाबांना पार्किन्सन्स आहे. हळूहळू चालतात, पण रांगेत उभं राहणं जमत नाही. म्हणून मी महिनाभर आधीपासून ग्राहक सेवेच्या मागे लागलो होतो. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि शेवटी ‘नोंदवलंय सर, काळजी करू नका’. शोच्या दिवशी टॅक्सी लांबच बॅरिकेडला अडवली. हवालदार म्हणाले, आमच्याकडे अशी काही यादी नाही, आयोजकांना विचारा. गेटवरची मुलं म्हणाली, व्हीलचेअर पलीकडच्या गेटला. पलीकडच्या गेटला कळलं की तिथून फक्त महागड्या तिकिटांचे लोक सोडतात. मदतकक्ष म्हणजे एक टेबल आणि मागे फ्लेक्स. तिथली मुलगी म्हणाली, आम्ही फक्त तिकिटांचं बघतो. या सगळ्यात बाबा बॅरिकेडचा पाइप धरून उभे. आत पोचलो तेव्हा अर्धा कार्यक्रम होऊन गेला होता, आणि बाबा म्हणाले, चल, घरी जाऊ.

त्या संध्याकाळी कोणी उद्धटपणे बोललं नाही. पण निर्णय घ्यायचा अधिकार एकाकडेही नव्हता, आणि मला अजूनही चीड येते ती याची. नंतर तक्रार केली तर उत्तर आलं, आपण कार्यक्रमस्थळी प्रवेश केलेला असल्यामुळे परतावा देता येत नाही. महिनाभर ‘नोंदवलेली’ विनंती त्या ऑफिसातून बाहेर पडलीच नव्हती.

असं का होतं ते सांगतो, कारण उपाय त्यातच आहे. आयोजक एक, तिकीट विकणारी कंपनी दुसरी, मैदान तिसऱ्याचं आणि गेटवरची मुलं चौथ्याच सिक्युरिटी एजन्सीची, पुष्कळदा तेवढ्या दिवसापुरती आणलेली. बाहेरचा रस्ता वाहतूक पोलिसांच्या हातात. तुमचा मेल तिकीट कंपनीकडे पडून राहतो आणि गेटवरचा मुलगा त्याला सकाळी दिलेला कागद बघतो. त्या कागदावर तुम्ही नसाल तर तुम्ही कुठेच नाही.

म्हणून ‘विनंती नोंदवली’ हे उत्तर मानूच नका. त्याच मेलला उलट लिहा: गेट नंबर कोणता, गाडी नेमकी कुठपर्यंत येईल, व्हीलचेअर कोण देणार, सोबतच्या माणसाला आत सोडणार का, आणि त्या दिवशी मैदानावर फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव-नंबर काय. हाच मेल आयोजकांना आणि स्टेडियमच्या ऑफिसलाही पाठवा. उत्तराची प्रिंट काढून न्या, कारण हजारो लोक एका जागी जमले की मोबाइलचं नेटवर्क बसतं. डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर उत्तमच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीसाठी वेगळं कलम आहे, मेलमध्ये कायद्याचा उल्लेख जरूर करा. मी वकील नाही, पण उल्लेख केला की उत्तराचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या: वरच्या लेव्हलची तिकिटं आईंसाठी नकोतच. तिथे पायऱ्यांपासून सुटका नाही. खालच्या स्टँडमध्ये बदलून मिळतात का बघा, नाहीतर विकून टाका. आणि समोरच्या उभ्याने बघायच्या जागेचा तर विचारही करू नका, कोणी कितीही भरीला घातलं तरी.

परतीचं बघा. उघड्यावरच्या कार्यक्रमात लाउडस्पीकर रात्री १० ला बंद करावे लागतात (वर्षातले मोजके दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, ते सोडून), त्यामुळे सगळं स्टेडियम एकदमच बाहेर पडतं. शेवटचं गाणं चुकवून पळू नका, तेच ऐकायला तर गेलेलो असतो. उलट संपल्यावर अर्धा-पाऊण तास जागेवरच बसून राहा. शो रविवारी असेल तर हार्बर लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) आहे का ते आदल्या दिवशीच तपासा. आईंसाठी कानात घालायचे फोमचे बोळे घ्या, केमिस्टकडे मिळतात.

जरा विषयांतर: आईंना शास्त्रीय संगीताची आवड असेल तर मुंबईतल्या षण्मुखानंद सभागृहात न्या, तिकीट तळमजल्याचं काढून. तबलावादक उस्ताद अल्लारखांच्या बरसीचा (पुण्यतिथीचा) कार्यक्रम ३ फेब्रुवारीला तिथे भल्या सकाळपासून होत आला आहे. सकाळची वेळ, बंदिस्त सभागृह, बसायला खुर्ची. आम्ही आता अशाच ठिकाणी जातो. मोठ्या मैदानांच्या वाटेला जाऊ नका असं मात्र मी म्हणणार नाही. आईंचा जीव ज्या गायकावर आहे तो तिथेच गाणार असेल तर त्यांनी तिथेच जायला हवं.

एवढं करूनही गेटवर अडवलंच तर तिथल्या तिथे व्हिडिओ काढा, वेळेसकट. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच तर ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नसतं आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. मेलचा मसुदा हवा असेल तर सांगा, माझ्याकडे तयार आहे.