घाट, पद्मिनी आणि न्यूट्रल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मुलगी चिपळूणला दिल्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट उतरावा लागतो. माझे थोरले बंधू उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात आणि त्यामुळे पेट्रोल वाचते, असे ठामपणे सांगतात. मला ते धोक्याचे वाटते. आपले मत कळवावे. (एक वाचक, कराड)

उत्तर : आपली भीती रास्त आहे, आणि बंधूंचा हिशेबही आजच्या गाडीला लागू पडत नाही. कार्बोरेटरच्या, म्हणजे इंजिनाच्या ओढीने हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या जमान्यात त्यांच्या म्हणण्यात थोडेफार तथ्य होते, कारण त्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी फिरते इंजिन थोडे पेट्रोल ओढतच राही. आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणाऱ्या गाडीत मात्र गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला की चाकेच इंजिन फिरवतात आणि इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेच्या वर आहेत तोपर्यंत पेट्रोलचा पुरवठा पूर्ण बंद होतो. न्यूट्रलमध्ये टाकल्यावर इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहावे लागते, म्हणजे पेट्रोल वाचण्याऐवजी खर्चच होते. काही जण तर उतारावर इंजिनच बंद करतात. तसे केल्यास दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते, कारण त्याला जोर देणारी यंत्रणा इंजिनावर अवलंबून असते.

खरा प्रश्न पेट्रोलचा नाहीच, ब्रेकचा आहे. आमचे वडीलही आपल्या बंधूंच्याच मताचे होते. 1981 च्या मे महिन्यात आम्ही पाच जण आणि टपावर लग्नाच्या सामानाची ट्रंक, अशी आमची प्रीमियर पद्मिनी गाडी कुंभार्ली उतरत होती. मी तेरा वर्षांचा होतो आणि वडिलांच्या शेजारी, पुढच्या सलग बाकावर बसलो होतो. चौथ्या-पाचव्या वळणानंतर ब्रेकच्या जळक्या लायनरचा तो कडवट वास आत आला, आणि ब्रेकवरचा वडिलांचा पाय नेहमीपेक्षा खोल गेलेला मला दिसला. पुढच्या वळणाला तो आणखी खोल गेला. ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा ओढला, न्यूट्रलमध्ये एकदा रेस दिली आणि गाडी दुसऱ्यात घातली. इंजिन असे काही ओरडले की मागे बसलेल्या आत्याने देवाचे नाव घेतले, पण गाडीचा वेग मोडला, आणि वडिलांनी ती डोंगराच्या बाजूच्या चरात अलगद टेकवली. पाऊण तास आम्ही तिथे बसलो. त्या दिवसानंतर त्यांनी उतारावर न्यूट्रल कधीही केले नाही.

घडते ते असे. ब्रेक सतत दाबून ठेवला की चाकाबरोबर फिरणारा ड्रम तापून पसरतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरची पकड कमी होते, आणि तापमान फारच वाढले तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल रिकामे जाते. डिस्क ब्रेक हा ताप अधिक सोसतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. म्हणून घाट चढायला जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही जुन्या ट्रकवाल्यांची रीत आजही खरी आहे. ब्रेक धरून ठेवू नये, दाबावा आणि सोडावा. आणि जिथे दोन गाड्या मावत नाहीत तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. तसा नियमच आहे, पण अलीकडे तो पाळताना कुणी दिसत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : माझा जन्म 1999 चा. घरातली वडीलधारी मंडळी पद्मिनीचे नाव निघाले की हळवी होतात. ती गाडी खरोखर इतकी चांगली होती, की ही नुसती आठवणींची माया आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : यंत्र म्हणून पाहिले तर ती मागासलेली गाडी होती, हे मी तिच्यावर जीव असूनही मान्य करतो. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 च्या पिढ्या बाहेर पडू लागल्या. त्यातली पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल गाडी आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जाई. त्यानंतर ‘डिलाइट’ आली आणि 1974 च्या सुमारास तिचेच नाव पद्मिनी झाले. हा नमुना इटलीत साठीच्या दशकातच मागे पडला होता, आणि आपण तो शतक संपेपर्यंत बनवत राहिलो. 1089 सीसीचे, जेमतेम चाळीस अश्वशक्तीचे इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ती गाडी मिळावी म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिलेली. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली. तिचे इंजिन 796 सीसीचे होते, पण ती हलकी होती, सकाळी एका चावीत सुरू होई आणि घाटात तापत नसे. मारुतीने सामान्य गृहिणीला आणि पहिल्यांदाच चाक हाती धरणाऱ्या शिक्षकाला आत्मविश्वास दिला, आणि हे श्रेय पद्मिनीचे भक्त तिला देत नाहीत ते मला अन्यायाचे वाटते.

मग माया कशाची? पद्मिनी आपले दुखणे लपवीत नसे. दारातली त्रिकोणी काच उघडली की वाऱ्याबरोबर इंजिनाचा आवाज आत येई, आणि झडपांचे टॅपेट वाजतात की ठिणगीचे पॉइंट खराब झालेत, हे कानाला कळे. खंबाटकीचा बोगदा होण्यापूर्वी दोन्हीकडची वाहतूक घाटातूनच चाले. तिथे मे महिन्याच्या दुपारी, चढ जवळजवळ संपत आला असताना, आमची गाडी आचके देऊन हमखास बंद पडे. सगळे त्याला एअर लॉक म्हणत. प्रत्यक्षात इंजिनाला खेटून बसवलेल्या पंपात उष्णतेने पेट्रोलचीच वाफ होई आणि पंपाला ती ढकलता येत नसे. वडील बॉनेट उघडत, पिण्याच्या पाण्यातले तांब्याभर पाणी पंचावर ओतत आणि तो पंचा पंपाभोवती गुंडाळत. त्यातून वाफ निघताना मी पाहत बसे. पंचा कोमट झाला की पुन्हा पाणी, असे दोनदा केले की गाडी सुरू होई. यंत्र का थांबले आणि का चालू झाले, हे एका लहान मुलाला डोळ्यांनी दिसले, आणि गाड्यांचे माझे वेड तिथूनच सुरू झाले. आजची गाडी थांबली तर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो आणि आपण फोन करतो. ती गाडी निःसंशय चांगली आहे, सुरक्षित आहे. माझ्या मुलीने तीच चालवावी असे मला वाटते. पण तिच्याशी माझी ओळख होत नाही.

मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ची होती, आणि वीस वर्षांची मुदत संपून ती 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात मला चार जुन्या मित्रांचे फोन आले. मी चौघांशीही बोललो ते तिच्या गिअरबद्दलच.

प्रश्न : गाडी चालवण्यासाठी आपला सर्वांत आवडता रस्ता कोणता? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आंबा घाट, साखरप्याकडून वर चढताना, पहाटे, पाऊस नुकताच थांबलेला असताना. धुके असेल तर पिवळे दिवे लावून सावकाश जावे, आणि घाईत असाल तर त्या रस्त्याने जाऊच नये.

प्रश्न : वडिलांची 1983 ची पद्मिनी तीन वर्षांपासून शेडमध्ये उभी आहे. वडील आता नाहीत. भाऊ म्हणतो भंगारात द्यावी, मला ती चालू करावीशी वाटते. खर्च झेपेल का, आणि सुरुवात कुठून करावी? (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : चालू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र नवी बॅटरी बसवून थेट चावी फिरवण्याची घाई कृपया करू नये. तीन वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल सुकलेले असते. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, एक रात्र जाऊ द्यावी आणि मग हँडलने हाताने इंजिन फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले तर निम्मी लढाई जिंकली. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे आणि तळाशी गंज आहे का ते पाहावे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओल धरते आणि त्या काळच्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची वॉशर नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या मालाच्या घ्याव्यात. ब्रेकचे तेल आणि चाकांतली रबरे बदलल्याशिवाय गाडी शेडबाहेर काढू नये. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्यावर विसंबू नये. टायरच्या बाजूला चार आकडी छाप असतो, त्यात 2316 असे असेल तर तो 2016 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर आहे, आणि तो बदललाच पाहिजे.

खर्च इंजिनापेक्षा पत्र्यावर होतो. म्हणून आधी पायाखालचे रबरी मॅट उचलून खालचा पत्रा अंगठ्याने दाबून पाहा. तो कुरकुरला किंवा खचला तर अंदाज दुप्पट धरावा. कागदपत्रांच्या बाबतीत, पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, त्यासाठी गाडीची तपासणी होते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. आपली मुदत उलटली आहे का, ते आधी पाहून घ्यावे. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी 2021 पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे, पण त्या गाड्या रोजच्या वापराला चालत नाहीत, आणि आपली गाडी त्या वयाला 2033 मध्ये पोहोचेल.

एक विनंती आहे. ग्लोव्ह बॉक्समध्ये वडिलांची वही सापडते का पाहा. त्या पिढीतले बहुतेक लोक पेट्रोल कधी आणि किती भरले, ऑइल कधी बदलले, हे तारखेनिशी लिहून ठेवत. सापडली तर मिस्त्रीला ती आधी दाखवा, त्याचे अर्धे काम तिथेच होईल. आणि शेवटच्या नोंदीखाली आपण आपली पहिली नोंद करा.