मुलाखतीत दिलेला ‘हो’

“मॅडम, मी मुलाखतीत खोटं बोलले.” माझ्या समुपदेशन कक्षातल्या खुर्चीत टेकायच्या आधीच तिने सांगून टाकलं.

खोटं म्हणजे काय, तर ‘ब्लॉग आणि ईमेल मार्केटिंग सांभाळाल ना?’ या प्रश्नाला ती ‘हो’ म्हणाली होती. वय 41. पणजीतल्या एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसात 11 वर्षं काढली, हॉटेल बंद झालं आणि ती फोंड्याजवळच्या एका कुळागरात, म्हणजे सुपारी-मसाल्यांच्या बागेत, लागली. तिथे पर्यटकांना बाग दाखवतात, केळीच्या पानावर जेवू घालतात, जाताना मिरी, जायफळ, कोकम विकतात. ऑफिसात सहा माणसं, मालक 29 वर्षांचा. त्या ‘हो’ला दोन महिने होऊन गेले होते आणि ब्लॉगवर एक ओळ पडली नव्हती.

(तिचं नाव-गाव देत नाही, काही तपशीलही बदलले आहेत. तिला विचारूनच लिहिते आहे. गोवा एवढासा, इथे नुसतं नाव बदलून भागत नाही.)

नवी नोकरी, कामांच्या यादीत तळाशी ‘डिजिटल’ असं काहीतरी, आणि ‘या वयात मला हे जमेल का?’ हा प्रश्न. ही काळजी घेऊन येणारी ती पहिली नव्हती. पण ती सोबत वही घेऊन आली होती. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. रात्री जेवणं आटोपली की एकपर्यंत यूट्यूबवरचे धडे बघायचे आणि उतरवून घ्यायचे. कीवर्ड, सब्जेक्ट लाइन, ओपन रेट, सेगमेंट. हेडिंग लाल शाईत, खाली दोन रेघा. अशी 96 पानं भरली होती. पहाटे तीनला जाग, सोमवारी सकाळी पोटात गोळा.

“ऑफिसात कुणाला विचारलंत?”

“विचारलं तर कळेल ना मला येत नाही ते.”

इथे माझी एक चूक कबूल करते. पहिल्या दोन भेटींत मी आत्मविश्वासाच्या मागे लागले. मनात येणारे विचार टिपायचा तक्ता दिला. तिने तो इतका सुबक भरून आणला की माझ्या लक्षात आलं, बाईंना मी आणखी एक वही दिली!

आपल्याला येत नाही आणि ते एक दिवस उघडं पडणार, या भीतीचं वर्णन पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली केलं. त्यांचा अभ्यास चांगलं यश मिळवलेल्या स्त्रियांचा होता. गंमत अशी की घाऊक जाहिरातीची पहिली ईमेल म्हणून जी सांगितली जाते, तीही 1978 चीच. एका संगणक कंपनीच्या गॅरी थुर्कने ती सुमारे 400 जणांना पाठवली आणि लोक भडकले. हे तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. “म्हणजे पहिल्याच माणसाने शिव्या खाल्ल्या?”

ही भीती म्हणजे आजार नव्हे. अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं होतं की ‘मला जमतं’ ही भावना सगळ्यात पक्की होते ती स्वतः काही करून पाहिल्याने. उपदेशाचा परिणाम त्यापेक्षा कितीतरी कमी. समुपदेशकांनीही हे अधूनमधून वाचावं.

तिसऱ्या भेटीत वही बंद करायला सांगितली आणि विचारलं, “पाहुणे तुम्हाला काय विचारतात?”

ती सुरूच झाली. काळी मिरी आणि पांढरी मिरी वेगळ्या वेलींची का? नाही, वेल एकच. हिरवे दाणे उन्हात वाळवले की काळी, पिकलेल्या दाण्यांची साल काढली की पांढरी. जायपत्री कुठून येते? जायफळाच्याच बीवरची ती लाल जाळी. हे सांगताना तिने दोन्ही हातांची ओंजळ करून फळ असं उघडून दाखवलं की मला टेबलावर जायफळ दिसलं. आठ मिनिटं झाली असतील. एकदाही अडखळली नाही.

“हेच लिहा.”

“हा काय ब्लॉग?”

“पाहुण्याने प्रश्न विचारला, तुम्ही उत्तर दिलंत. आणखी काय असतं त्यात?”

डिचोली-फोंडा बसमध्ये तिने ते आधी मराठीत लिहिलं, मग फ्रंट ऑफिसवर 11 वर्षं वापरलेल्या इंग्रजीत. मालकाने दोन स्पेलिंगं दुरुस्त केली आणि त्याच संध्याकाळी लेख चढवला.

ईमेलचं काम जास्त अवघड गेलं. ऑफिसच्या रजिस्टरात 340 पाहुण्यांचे पत्ते होते, सगळ्यांना पाठवा म्हणून सांगणं होतं. ती अडली. “हे पत्ते त्यांनी बिलासाठी दिले होते ना? जाहिरातीला कुठे हो म्हटलंय?”

मी तिला थांबवलं. अशा प्रश्नाला काळजी म्हणू नका, ही कामाची जाण आहे. ‘माझं हसू होईल’ ही भीती आणि ‘लोकांना विचारलेलं नाही’ हा आक्षेप, दोन्ही पोटात एकाच जागी दुखतात. म्हणून कशालाही दाबण्याआधी वेगळं करून बघायचं. जीमेलने 2024 पासून रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर यादीतून बाहेर पडायची सोय सक्तीची केली आहे. कुळागर त्या आकड्याच्या जवळपासही नव्हतं, पण तिचा मुद्दा तोच होता. तिने तो मालकाला सांगितला, आणि त्याने तो ऐकला. आता जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी असते: मसाल्यांच्या हंगामाची खबर हवी असेल तर पत्ता लिहा. महिन्याभरात 112 जमले.

मेल आधी स्वतःला, मग ऑफिसातल्या दोघांना, मग यादीला, असं ठरलं होतं. पहिल्या दोन पायऱ्या तिने नीट केल्या. मग ऐन वेळी मजकुराला हात लावला आणि 112 जणांना मेल गेली ती, जिथे प्रत्येकाचं नाव आपोआप यायचं तिथे, ‘डिअर फर्स्ट नेम’ अशी.

तिचा फोन ऑफिसच्या बाथरूममधून आला. “आता सगळ्यांना कळलं.” मी एवढंच म्हटलं, बाहेर जा आणि मालकाला तुम्हीच सांगा. त्याला कळण्याआधी. तो हसला. मागच्या दिवाळीला त्याने स्वतः ऑफरची तारीखच चुकवली होती. माफीची दुसरी मेल पाठवायची नाही असं दोघांनी ठरवलं. नाव चुकलं होतं, दर नव्हे. तीन जण यादीतून गेले. पुण्याच्या एका पाहुण्याचं उत्तर आलं: “मी फर्स्ट नेम. अर्धा किलो काळी मिरी पाठवा.”

पुढचे काही दिवस ती रात्री फोनवर ओपन रेट, म्हणजे किती जणांनी मेल उघडली ते, बघत बसायची. त्या आकड्याचा तरी भरवसा कुठे? 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये खाजगीपणाची सोय चालू असली तर मेल कुणी न वाचताही उघडल्यासारखी मोजली जाते. हे मला तिनेच शिकवलं, वहीच्या 71 व्या पानावरून. मग आम्ही नियम केला: आकडे फक्त मंगळवारी, ऑफिसच्या संगणकावर. झोप त्यानंतर सुधारली. सुधारली नसती तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. दोन-तीन आठवडे झोप नाही, भूक नाही, कामावर जायच्या विचारानेच रडू येतं, असं असेल तर ब्लॉगचं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा, निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा.

शेवटच्या भेटीला ती चवथीच्या आधी आली, घाईत; गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला बाजारात जायचं होतं. वही सोबत होतीच, पण मागच्या बाजूने उलटी सुरू केलेली. लाल शाई नाही, रेघा नाहीत. पाहुण्यांचे प्रश्न, तारखेसह. सतरा झाले होते. सतरावा एका लहान मुलीचा: माडीवरून, म्हणजे सुपारीच्या झाडावरून, शेजारच्या झाडावर जाताना पाडेली, म्हणजे सुपारी पाडणारा, मधल्या वेळी पाय कुठे ठेवतो?

“कुठे ठेवतो?” मी विचारलं.

“मला काय ठाऊक!” ती वही पिशवीत टाकत म्हणाली. “उद्या पाडेल्यालाच विचारते.”