वडिलांच्या सायलोसाठी मुदत ठेव मोडावी का?

नमस्कार,

तुमच्या पत्रातली परिस्थिती अशी आहे. वडिलांनी बांधलेला मुरघासाचा सायलो, म्हणजे हिरवा चारा मुरवून साठवायची उंच गोल कोठी, गोठा बंद झाल्यापासून रिकामा उभा आहे. व्यास 6 मीटर, उंची 18 मीटर. काँक्रीटच्या फळ्या एकमेकींत बसवलेल्या आणि बाहेरून लोखंडी कड्यांनी आवळलेल्या. एक कंत्राटदार ‘फुकट पाडून देतो, लोखंड माझं’ म्हणतो. भाच्याला त्यात पाहुण्यांसाठी खोल्या करायच्या आहेत. त्यासाठी निवृत्तीची मुदत ठेव मोडावी का, हा तुमचा प्रश्न. शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलं आहे की जमिनीत बहिणीचा निम्मा वाटा आहे.

ठेव मोडू नका. कंत्राटदारालाही अजून होकार देऊ नका. आधी बांधकामाची तपासणी करणाऱ्या अभियंत्याला बोलवा आणि त्याच्याकडून लेखी अहवाल घ्या. या सगळ्या प्रकरणात आज करण्यासारखा खर्च तेवढा एकच आहे, कारण पुढचा प्रत्येक आकडा त्या अहवालावर अवलंबून आहे.

तुमच्या सायलोची ताकद फळ्यांत नाही, कड्यांत आहे. पिंपाला जसे पट्टे, तशा त्या कड्या. खालच्या भागात त्या जवळजवळ बसवलेल्या दिसतील, कारण आतल्या मालाचा दाब तळाकडे जास्त असतो. त्या गंजल्या, त्यांचे जोड सैल झाले, तर फळ्यांना धरून ठेवणारं दुसरं काही नाही. त्यात मुरघासाचं आम्ल काँक्रीट आतून खातं आणि त्याचा रस तळाशी साचत असल्याने तिथे झीज सर्वांत जास्त होते. बाहेरून भिंत धडधाकट दिसते, आतून हात फिरवला की खडी हाताला लागते. शिवाय रिकाम्या सायलोला मालाच्या वजनाचा आधार नसतो, त्यामुळे सोसाट्याचा वारा त्याला भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा. स्वतः आत उतरून पाहू नका, भाच्यालाही उतरू देऊ नका. बंदिस्त जागेत प्राणवायू कमी असू शकतो, जुन्या मुरघासाची बुरशी आणि पक्ष्यांची विष्ठा फुप्फुसांना घातक असते, आणि शिडीच्या गंजलेल्या पायऱ्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

आता खोल्यांचा बेत. जिना, मजले, खिडक्या, वीज, पाणी, सांडपाणी हा सगळा खर्च 100 धरा. सुरक्षित ठेवीवर वर्षाला 6 टक्के मिळतात आणि 15 वर्षांनी बांधकामाची किंमत शून्य होते, असं मानू. म्हणजे ठेवीची बरोबरी करायलाच दर वर्षी साधारण 10.3 निव्वळ हातात पडायला हवेत. बांधकाम आणि परवानग्यांत पहिली दोन वर्षं उत्पन्नाशिवाय गेली, तर उरलेल्या तेरा वर्षांत दरसाल 12.7 लागतील. साफसफाई, दुरुस्ती, विमा, कर यांत भाड्यातले निम्मे जात असतील, तर ढोबळ भाडं वर्षाला 25 च्या वर हवं. आणि एवढं करून तुम्ही फक्त ठेवीच्या बरोबरीला आलात, जोखमीचा मोबदला अजून यायचाच आहे. भाच्याला सांगा, 25 हा आकडा वर्षातल्या किती भरलेल्या रात्रींतून येणार ते कागदावर मांड. तो मनापासून बोलतो आहे, याबद्दल मला शंका नाही. पण पैसा तुमच्या म्हातारपणाचा आहे.

बांधकामाची अडचण त्याहून मोठी आहे. खिडकी काढायची म्हणजे कडी तोडायची. तोडलेल्या प्रत्येक कडीचा ताण नव्या चौकटीवर घ्यावा लागतो, आणि खर्चाचं अंदाजपत्रक नेमकं तिथे फुगतं. केपटाउनमध्ये 1924 सालच्या धान्याच्या कोठारातले 42 काँक्रीटचे नळे कोरून 2017 मध्ये कलासंग्रहालय उघडलं, त्याची छायाचित्रं भाच्याने पाहिली असतील. काम सुंदरच आहे. पण ते अखंड ओतलेलं काँक्रीट होतं, जागा गजबजलेल्या बंदराची होती, आणि पैसा संस्थांचा होता. या तिन्हींपैकी तुमच्याकडे एकही गोष्ट नाही.

निदान पाण्याची टाकी तरी करू, असं कोणी सुचवलं तर ठाम नकार द्या. सुट्या दाण्यांचं बरंचसं वजन घर्षणामुळे भिंतच उचलते, म्हणून ठरावीक खोलीनंतर दाब फारसा वाढत नाही. यान्सन या जर्मन अभियंत्याने 1895 मध्ये हे गणित मांडलं. पाण्याला असं घर्षण नसतं. 18 मीटर पाणी तळाशी दर चौरस मीटरला सुमारे 18 टनांनी रेटतं. तुमच्या कड्या त्यासाठी नाहीत.

मोबाइल कंपनीने अँटेनासाठी जागा मागितली तर मात्र बसून बोला, कारण त्यात तुमची गुंतवणूक जवळपास नसते. भार सोसेल याचा दाखला, कामगारांचा विमा आणि करार संपल्यावर सामान काढून नेण्याचा खर्च त्यांच्याकडे असावा. मागणी मात्र त्यांच्याकडून यायला हवी. ती येईल या आशेवर सायलो दुरुस्त करू नका.

कंत्राटदाराच्या ‘फुकट’चा हिशेब घालू. फळ्यांची जाडी साडेसहा सेंटिमीटर धरली, तर भिंतीचं काँक्रीट 50 टनांच्या वर जातं. कड्यांचं लोखंड त्यापुढे फार थोडं, माझ्या अंदाजाने टन-दीड टन. तो लोखंड नेईल, आणि 50 टनांचा ढीग? पाया? तो ढीग उचलणं हाच पाडकामातला मोठा खर्च आहे. करारात मलबा हलवणं, पाया किती खोलीपर्यंत काढायचा आणि अपघाताचा विमा हे तिन्ही मुद्दे नसतील, तर देकार फुकटचा नाही, बिल तुमच्याकडे नंतर येईल एवढंच. (पत्र्याचा, बोल्ट जोडलेला सायलो असता तर गोष्ट वेगळी, तो सोडवून दुसरीकडे उभारता येतो आणि त्याला गिऱ्हाईक मिळू शकतं.)

अहवालात ‘कड्या बदलण्याच्या पलीकडे’ असा शेरा आला तर पाडा, आणि लवकर पाडा. पाडण्याचा खर्च महागाईने 6 टक्क्यांनी वाढला आणि तुमचा पैसाही 6 टक्क्यांनीच वाढला, तर थांबून काही हाती लागत नाही. मधल्या वर्षांचा विमा आणि काळजी तेवढी पदरात पडते. शिवाय कोसळलेला सायलो उचलायला उभ्या सायलोपेक्षा जास्त पैसे लागतात, आणि खाली कोण असेल ते सांगता येत नाही.

सांगाडा ठीक निघाला तर पाडायची घाई नाही. छप्पर पक्कं करा, खालची शिडी काढून ठेवा, दारांना कुलूप लावा, तळाचं पाणी वाहतं करा, कड्यांना गंजरोधक रंग द्या. जबाबदारीच्या विम्यात (दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणाऱ्या) सायलोचा उल्लेख स्पष्ट करून घ्या. आणि पाडकामाचा आजचा दर घेऊन त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी रक्कम दरसाल वेगळी टाका, महागाईप्रमाणे वाढवत. दहा वर्षांनी तुमच्या मुलांना सायलो मिळेल आणि तो हटवण्याची सोयही.

तुम्ही लिहिलंत की पायाच्या ओल्या सिमेंटवर वडिलांनी काडीने साल कोरलं होतं आणि ते अजून वाचता येतं. मला हे हिशेबाबाहेरचं वाटत नाही. आठवणीसाठी खर्च करणं योग्यच आहे, फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका. दरसाल किती रक्कम परत न येण्याच्या तयारीने देऊ शकता ती ठरवा, आणि सायलो त्यात बसतो का ते पाहा. नाही बसला तर पाडण्यापूर्वी पायाचा तेवढा तुकडा कापून घेता येतो. कंत्राटदाराला ते आधी सांगा.

राहिला बहिणीचा वाटा. पाडणं, भाड्याने देणं, दुरुस्ती, यांतलं काहीही तिच्या लेखी संमतीशिवाय करू नका. अपघात झाला तर जबाबदारी तिच्याकडेही येऊ शकते, हे तिला कदाचित माहीत नसेल. अहवाल हातात आला की एक प्रत तिला द्या. तुम्हाला सायलो ठेवायचा असेल आणि तिला नसेल, तर विमा, देखभाल आणि पाडकामाचा निधी तुमच्याकडे, असं दोघांनी लिहून घ्या. मग सायलोतून पुढे उत्पन्न आलंच, तर ते कसं वाटायचं हेही त्याच कागदावर यायला हवं.