व्हिडिओ पाठवते, मुलं बघत नाहीत

प्रश्न: सर, कळव्याच्या एका मराठी शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात 58 मुलं आहेत. शाळेत प्रोजेक्टर एकच आणि वाय-फाय ऑफिसच्या बाहेर पोचत नाही. प्रत्येक धड्याचे दोन-तीन व्हिडिओ शोधून मी ग्रुपवर टाकते. दुसऱ्या दिवशी विचारलं की पाच-सहा हात वर होतात. आता मुख्याध्यापक म्हणतात, एखादं चांगलं ॲप वापरा. कोणतं वापरू?

उत्तर: बाई, आधी ते व्हिडिओ पाठवणं थांबवा. तुमची मेहनत फुकट जाते आहे. कळवा-विटाव्यात कितीतरी घरांतला मोबाईल संध्याकाळी वडिलांबरोबर लोकलमध्ये असतो. ज्या मुलांच्या हाती तो असतो, त्यांनीही नुसतं बघून फारसं काही होत नाही. कुणीतरी गोड आवाजात समजावतं, सगळं कळल्यासारखं वाटतं आणि वही उघडली की पेन हलत नाही. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून कुठलंही ऑनलाइन साधन हाती आलं की मी एवढंच बघतो, की मुलाला त्यात डोकं चालवावं लागतं की नाही.

प्रोजेक्टर आहे ना? मग धाराविद्युतपासून सुरुवात करा. विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर करून बघता येतील असं, कोलोरॅडो विद्यापीठाचं ‘फेट’ (PhET) नावाचं संकेतस्थळ आहे. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी ते 2002 मध्ये सुरू केलं. पैसे पडत नाहीत आणि बरेच प्रयोग मराठीतही आहेत. प्रयोगाची फाइल घरी उतरवून पेन ड्राइव्हवर नेली की वर्गात नेटची गरज उरत नाही. त्यातला परिपथ जोडायचा प्रयोग उघडा. एक घट घ्या, दोन सारखे बल्ब एकसर, म्हणजे एकामागे एक जोडा आणि कळ उघडीच ठेवा.

आता विचारा, कोणता बल्ब जास्त उजळेल? पहिला, दुसरा, की दोन्ही सारखेच? उत्तर वहीत लिहायला लावा. सगळ्यांचं लिहून झाल्याशिवाय कळ लावायची नाही. बरीच मुलं ‘पहिला’ लिहितील, कारण वीज आधी त्याच्याकडे येते आणि तो थोडी खाऊन टाकतो! (हीच समजूत मी एका अनुभवी वायरमनच्या तोंडूनही ऐकली आहे.) लगेच बरोबर-चूक सांगू नका. बाकावरच्या शेजाऱ्याला पटवून दे, म्हणा आणि दोन मिनिटं गोंगाट होऊ द्या. शेजारच्या वर्गावरचे सर डोकावतील, डोकावू देत. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझुर 1990 च्या दशकापासून भौतिकशास्त्र असंच शिकवत आले आहेत.

मग कळ लावा. दोन्ही बल्ब सारखेच उजळतात. वीजधारा मोजणारा अमीटर पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर लावून दाखवा. आकडा तोच राहतो. एक बल्ब काढला की दुसराही विझतो. समांतर जोडणीत, म्हणजे प्रत्येक बल्बला वेगळी वाट दिली की, मात्र दुसरा पेटलेलाच राहतो. घरातला दिवा गेला तरी फ्रिज का चालू राहतो, हे मग मुलंच तुम्हाला सांगतील.

58 हात मोजत बसायला वेळ जातो. शिवाय पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचा हात बघून बाकीचे वर होतात ते वेगळंच. त्यासाठी उत्तरं मोजून देणारं ‘प्लिकर्स’ (Plickers) हे ॲप बघा. मुलांना मोबाईल लागत नाही, प्रत्येकाला एक छापील कार्ड द्यायचं. उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड मुलं धरतात आणि तुम्ही मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवता. प्रत्येक कार्ड वेगळं असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून उत्तर देता येत नाही. 63 कार्डांचा संच आहे, तो तुम्हाला पुरेल. झेरॉक्सवाल्याकडून जाड कागदावर छापून घ्या, पण चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेरा गोंधळतो. याला नेट लागतं, तुमच्या मोबाईलचं पुरतं.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवरचा मजकूर तुमच्या तयारीला ठेवा. तो ॲपमध्ये उतरवून घेता येतो. आणि दुपारच्या सत्रात उजेडामुळे पडद्यावर काही दिसत नसेल तर खिडक्यांना जुने फ्लेक्स बांधा. वाढदिवसाच्या फ्लेक्सचा आपल्या ठाण्यात कधी तुटवडा नसतो.

प्रश्न: मुलगी सातवीत आहे, आम्ही घणसोलीला राहतो. शाळा रात्री आठनंतर ग्रुपवर गृहपाठ टाकते. मोबाईल मिस्टरांकडे असतो, ते रबाळ्याहून साडेनऊला येतात. मग ती पेंगत लिहीत बसते. तिला वेगळा मोबाईल घेऊन द्यावा का?

उत्तर: ताई, निदान एवढ्यासाठी तरी नको. चार ओळींचा गृहपाठ शाळा सुटताना फळ्यावर लिहिता येतो. आधी वर्गशिक्षिकांना एकट्यानं भेटून वेळ सांगा, त्यांना बहुधा कल्पनाच नसेल. फरक पडला नाही तर पालक-शिक्षक संघाच्या सभेत विषय काढा. बोलायला लागलात की तुमच्यासारख्या आणखी आया निघतील. पुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहे, ती एकदाच उतरवून ठेवा. व्हिडिओ बघायचाच असेल तर रविवारी तिच्याशेजारी बसा, मध्येच थांबवा आणि पुढे काय होईल ते तिला विचारा.

प्रश्न: मुलगा दहावीत आहे. मराठीचे निबंध चॅटजीपीटीकडून लिहून घेतो. बंद करू का? (वाशी)

उत्तर: बंदी किती दिवस टिकेल ते तुम्हीच सांगा. क्रम बदलायला लावा. निबंध आधी त्यानं स्वतः लिहायचा आणि मग चॅटजीपीटीला त्यातल्या चुका विचारायच्या. दाखवलेली प्रत्येक चूक शब्दकोशात ताडून पाहायची, कारण मराठी शुद्धलेखनात हे यंत्र मोठ्या ठामपणे चुकतं.