तुमचे प्रश्न : दगडावरचं रॉकेट, आजोबांच्या विसा आणि निपाणीची तंबाखू

प्रश्न : ताई, मी निपाणीजवळच्या खेड्यातला रिटायर्ड मास्तर. नात नववीला आहे, इंग्लिश मीडियम. सुट्टीत मोबाईलवर माया, अॅझ्टेक, इंका असले व्हिडिओ बघत बसते आणि परवा मला म्हणाली, आजोबा ते पिरॅमिड एलियननी बांधलेत, दगडावर रॉकेटसुद्धा कोरलंय. मी म्हटलं खोटं आहे, पण दाखवायला माझ्याकडं काहीच नाही. ऑनलाइन नीट शिकायला मिळतं का हे? आणि तिघं एकच का वेगळे?

उत्तर : सर, ते रॉकेट मी पण बघितलंय, आमच्या घरातल्या पोरांनी दाखवलं! मेक्सिकोत पालेंके म्हणून जुनं माया शहर आहे, तिथल्या पकाल राजाच्या कबरीवरचं ते झाकण. 1952 साली सापडलं. आडवं धरून बघितलं की माणूस यान चालवतोय असं वाटतं, ते उभं धरा. मग दिसतंय की राजाच्या मागं झाड आहे, माया लोकांच्या मते विश्वाच्या मधोमध उभं असलेलं, आणि खाली पाताळाचा जबडा उघडलाय. राजा 683 साली वारला, कडेनं अक्षरं कोरलीत ती आता वाचता येतात, त्यात एलियन कुठंच नाही. नातीला तोच फोटो उभा करून द्या, भांडण तिथंच मिटतंय बघा.

आता तिघं एकच का. अजिबात नाही, आणि बहुतेक व्हिडिओ इथंच घोळ घालतात. आपल्याकडच्या राजांशी जोडून सांगते म्हणजे लक्षात राहील. पकाल गादीवर होता तेव्हा आपल्या बाजूला बदामीत दुसरा पुलकेशी राज्य करत होता. अॅझ्टेकांचं तेनोच्तित्लान, म्हणजे तळ्यात बांधलेलं शहर जिथं आज मेक्सिको सिटी आहे, ते 1521 ला स्पॅनिश लोकांनी घेतलं तेव्हा विजयनगरला कृष्णदेवराय होता. म्हणजे या दोघांत आठ-नऊशे वर्षांचं अंतर. इंका तर खाली दक्षिण अमेरिकेत, पेरूच्या डोंगरात, कुस्को त्यांची राजधानी, आणि त्यांचा राजा अताहुआल्पा 1532 ला पकडला गेला. आणि माया संपले वगैरे म्हणतात ते पण खरं नाही, ग्वाटेमाला-मेक्सिकोत आज लाखो लोक माया भाषा घरात बोलतात.

ऑनलाइन कुठं बघायचं? व्हिडिओ बंद करा असं मी म्हणत नाही, पण सुरुवात मूळ पोथ्यांपासून करा. जर्मनीत ड्रेस्डेनच्या लायब्ररीत माया लोकांची पोथी आहे, ड्रेस्डेन कोडेक्स, पानं न् पानं स्कॅन करून ठेवलीयेत. दुसरं म्हणजे फ्लोरेन्टाइन कोडेक्स. सहागुन नावाच्या पाद्र्यानं नाहुआ लोकांकडून, म्हणजे अॅझ्टेकांच्याच भाषेतल्या माणसांकडून, लिहून-काढून घेतलेले 12 भाग, त्यात शेती, बाजार, औषधं सगळं चित्रांसकट. अमेरिकेतल्या गेटी संस्थेनं 2023 मध्ये ते फुकट वेबसाइटवर ठेवलंय, शोधायची सोय पण आहे. नातीला इंग्लिश येतंय, तिला वाचू दे आणि तुम्ही चित्रं बघा.

आणि सर, एक काम तुमच्या वाट्याचं. माया लोक विसाच्या पटीत मोजायचे. एक म्हणजे ठिपका, पाच म्हणजे आडवी रेघ, शून्याला शिंपल्यासारखी खूण. तुमच्या लहानपणी बाजारात ‘दोन विसा सात’ म्हणायचे की नाही? तेच 47. वरच्या घरात दोन ठिपके, म्हणजे दोन विसा, आणि खालच्या घरात सातासाठी एक रेघ आणि तिच्यावर दोन ठिपके. नातीला विसा ठाऊक नसणार, तुम्हाला ठिपके ठाऊक नव्हते, आता एकमेकांना शिकवा की. (तारखांच्या हिशेबात एका घरात 20 ऐवजी 18 धरतात, 360 दिवसांचं वर्ष जमवायला, पण ते नंतर.)

निपाणीचेच आहात म्हणून सांगते, तंबाखू पण तिकडचीच. माया भांड्यांवर विडी ओढणारे देव काढलेले आहेत! आपल्याकडं ती पोर्तुगीजांमुळं आली.

प्रश्न : ताई, मी चिकोडीची, बीए करते. लायब्ररीत या विषयावर एक पुस्तक नाही. मैत्रिणी म्हणतात गावात बसून स्क्रीनवर बघून कसला इतिहास शिकूलैस?

उत्तर : त्यांना क्नोरोझोव्हची गोष्ट सांग. युरी क्नोरोझोव्ह, रशियात लेनिनग्राडमध्ये बसलेला माणूस, माया प्रदेश त्यानं डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नव्हता, हाताशी फक्त पोथ्यांच्या छापील प्रती. त्यानं 1952 मध्ये दाखवलं की ती चिन्हं नुसती चित्रं नाहीत, त्यांत उच्चार आहेत. पुष्कळ मोठ्या विद्वानांनी त्याला कित्येक वर्षं मानलंच नाही. त्याला उपयोगी काय पडलं माहितीय? दिएगो दे लांडा नावाच्या पाद्र्यानं लिहून ठेवलेली अक्षरांची यादी. आणि याच लांडानं 1562 मध्ये मानी गावात माया पोथ्यांची होळी केली होती. पोथ्या जाळणाऱ्याच्याच वहीतून त्या वाचायची किल्ली मिळाली, आज जगात माया पोथ्या चारच शिल्लक आहेत.

तू मोडी बघितलीस का घरात? आपल्या सीमाभागात जुन्या घरांत पेटीत कागद असतात, भाषा आपलीच पण वाचता येत नाही. माया पोरांचं पण तसंच होतं, बोली घरात आणि लिपी बंद. आता त्यातले काहीजण स्वतः शिकून वाचायला लागलेत.

प्रश्न : इंकांना लिहिता येत नव्हतं म्हणतात, मग एवढं राज्य कसं चाललं? — एक गृहिणी, खानापूर

उत्तर : दोरीवर, ताई. किपू म्हणतात त्याला, एका जाड दोरीला बारक्या दोऱ्या लटकवलेल्या आणि त्यांना गाठी. गाठ कुठं आणि कशी मारली यावरून एकं-दहं-शतं कळायचं, म्हणजे आपल्यासारखंच दशमान. संख्या आता वाचता येतात, पण काही किपूंत गोष्टी किंवा नावं पण आहेत का यावर अजून वाद चालूय. हिशेब दोरीवर आणि निरोप धावणाऱ्या माणसांकडून, एकानं पळत यायचं आणि दुसऱ्यानं पुढं न्यायचं, ते पण डोंगरातल्या रस्त्यांवरून, चाकाची गाडी नाही का घोडा नाही.

आणि तुम्ही वाळवणं घालत असणार म्हणून सांगते, बटाटा तिकडचाच, आणि तिथले लोक तो रात्री थंडीत गोठवायचे, सकाळी पायानं तुडवून पाणी काढायचे आणि उन्हात सुकवायचे. चुन्यो म्हणतात, वर्षानुवर्षं टिकतो. आपल्या गच्चीवर नाही जमणार, खानापुरात तेवढी थंडी कुठली.