सावरकर : कोणत्या सालचे?

विनायक दामोदर सावरकरांविषयी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं देताना एक पथ्य पाळलंय : प्रत्येक विधानाजवळ त्याचं साल ठेवायचं. 1909 चे सावरकर, 1913 चे आणि 1943 चे यांची सरमिसळ झाली की भक्ताला आणि विरोधकाला, दोघांनाही हवं ते सापडतं.

प्रश्न : माफीचे अर्ज गांधीजींच्या सांगण्यावरून केले, असं हल्ली ऐकतो. खरं काय?

तारखांपुढे हे टिकत नाही. सावरकर अंदमानात पोहोचले जुलै 1911 मध्ये. पहिला अर्ज त्याच वर्षीचा, पुढचा नोव्हेंबर 1913 चा. गांधीजी तेव्हा दक्षिण आफ्रिकेत होते. भारतात परतले जानेवारी 1915 मध्ये. त्यांचा संबंध येतो 1920 साली. डिसेंबर 1919 मध्ये जाहीर झालेल्या शाही माफीचा लाभ सावरकर बंधूंना मिळाला नाही, तेव्हा धाकटे बंधू डॉ. नारायणराव यांनी गांधीजींचा सल्ला विचारला. गुन्हा निव्वळ राजकीय होता हे ठसवणारा छोटा अर्ज करा, असं गांधीजींनी सुचवलं आणि मे 1920 मध्ये 'यंग इंडिया'त दोघा भावांच्या सुटकेची बाजूही मांडली.

पण 1913 च्या अर्जाची भाषा मऊ करून सांगण्यात अर्थ नाही. सरकार सांगेल त्या रीतीने सेवा करायची तयारी त्यात आहे. आपलं मतपरिवर्तन पाहून वाट चुकलेले तरुणही परत येतील, असंही म्हटलंय. मार्सेलिसला बोटीतून समुद्रात उडी टाकणाऱ्या माणसाच्या सहीखाली हे वाचताना मला आजही त्रास होतो. मात्र त्याच वेळी सेल्युलर जेलमधलं 1912 साल आठवायला हवं. त्या वर्षी तिथले राजकीय कैदी इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास घेतला, दुसरे कैदी उल्लासकर दत्त यांना वेड लागलं. सावरकर अंदमानात आले तेव्हा 28 वर्षांचे होते आणि दोन जन्मठेपा मिळून 50 वर्षांची त्यांची शिक्षा संपणार होती 1960 मध्ये. तिथे कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ओढणाऱ्याने सुटकेसाठी काय लिहावं, हे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्या आठवणींत सावरकरांनी हे अर्ज लपवलेले नाहीत. बंदीत कुजण्यापेक्षा अटी मान्य करून बाहेर पडावं, असा तो विचार होता. मग खरी कसोटी 1937 नंतरची. रत्नागिरीतली स्थानबद्धता आणि राजकारणबंदी त्या वर्षी उठली. पुढे 1942 च्या 'छोडो भारत'ला त्यांनी विरोध केला आणि हिंदू तरुणांनी सैन्यात भरती व्हावं म्हणून जोर लावला. लष्करी शिक्षण देशाच्या कामी येईल, हा त्यांचा युक्तिवाद होता. मला तो पुरेसा वाटत नाही. त्यांच्याशी वाद घालायचाच तर 1913 पेक्षा 1942 वर घालावा.

प्रश्न : इंग्रज त्यांना पेन्शन देत होते का?

दरमहा 60 रुपयांचा निर्वाह भत्ता मिळत होता, तो स्थानबद्ध म्हणून. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, पदवी काढून घेतलेली, बॅरिस्टरीची सनद नाकारलेली. अशा माणसाला सरकारने दिलेल्या रकमेला पेन्शन म्हणणं चूक आहे.

प्रश्न : द्विराष्ट्रवाद आधी जिनांचा की सावरकरांचा?

हिंदू आणि मुसलमान ही दोन राष्ट्रं हिंदुस्थानात आहेत, असं सावरकर 1937 मध्ये अहमदाबादला हिंदुमहासभेच्या अध्यक्षपदावरून म्हणाले. मुस्लिम लीगचा लाहोर ठराव 1940 चा. त्यांचे समर्थक म्हणतात, सावरकरांना फाळणी नको होती. तेही खरं आहे. राष्ट्रं दोन पण राज्य एकच, असं ते मांडत होते. जिना आणि सावरकर या दोघांचं निदान एकच आहे, हे डॉ. आंबेडकरांनी त्याच काळात दाखवून दिलं होतं.

मला चटका लावते ती वेगळीच गोष्ट. 1857 वरच्या त्यांच्या 1909 च्या ग्रंथात अझीमुल्ला खान आणि मौलवी अहमदशहा हे वीर आहेत, खांद्याला खांदा लावून लढणारे. 1923 मध्ये त्यांनी हिंदुत्वाची व्याख्या केली ती पितृभू आणि पुण्यभू यांच्यावर. ज्यांची पुण्यभूमी या देशाबाहेर आहे, ते त्या व्याख्येत बसतच नाहीत.

प्रश्न : गांधीहत्येच्या खटल्यात ते निर्दोष सुटले. मग वाद कशाला?

लाल किल्ल्यातल्या न्यायालयाने 10 फेब्रुवारी 1949 ला त्यांना सोडलं, हे निर्विवाद आहे. त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा होता माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याची जबानी. तिला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही आणि अशा एकट्या जबानीवर कुणाला शिक्षा देणं न्यायाधीश आत्मचरण यांना धोक्याचं वाटलं. सरकारने त्यावर अपीलही केलं नाही.

वाद पुन्हा पेटला तो गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगामुळे. सावरकरांचे अंगरक्षक आणि चिटणीस यांच्या मार्च 1948 च्या जबान्या खटल्यात आल्याच नव्हत्या. त्या आयोगापुढे आल्या. सगळं एकत्र पाहता सावरकर आणि त्यांच्या गटाने रचलेला कट, याखेरीज दुसरं अनुमान उरत नाही, असं आयोगाने 1969 च्या अहवालात लिहिलं. पण सावरकर 26 फेब्रुवारी 1966 लाच गेले होते. त्या जबान्यांची उलटतपासणी त्यांच्या बाजूने झालेली नाही. म्हणून 'न्यायालयाने दोषी ठरवलं' म्हणणं खोटं आहे. 'संशयाला जागाच नाही' म्हणणंही तितकंच खोटं.

प्रश्न : माझे वडील सावरकरभक्त, घरात गोपूजन होतं. सावरकर गाईला पूज्य मानत नव्हते, हे त्यांना पटत नाही.

वडिलांना त्यांचे विज्ञाननिष्ठ निबंध वाचायला द्या. गाय हा उपयुक्त पशू आहे, तिचं पालन करावं, पूजन नको, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. रत्नागिरीत त्यांनी वेदोक्तबंदी, स्पर्शबंदी, रोटीबंदी, बेटीबंदी अशा सात बेड्या तोडायचा चंग बांधला होता. भागोजीशेठ कीरांच्या पैशातून 1931 मध्ये उभं राहिलेलं पतितपावन मंदिर सर्व जातींच्या हिंदूंना खुलं होतं. यामागे समतेची तळमळ होती तसं हिंदू संघटनही होतं. एक कबूल करून दुसरं झाकू नये.

आणि वडिलांना त्यांची अंतिम इच्छाही सांगा : देह विद्युतदाहिनीत द्यावा, मागे श्राद्ध-पिंड काही करू नये.